भिंतीसाठी बाईचं चित्र

माझ्या मोठ्या बहिणीचा एकटीचा असा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणत आले. बाकीच्या फोटोंत ती असायची, पण कडेला. कुणाच्या लग्नात कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन उभी, नाहीतर माझ्या पदवीच्या दिवशी माझ्या मागे, अर्धी माझ्या काळ्या झग्याआड. आधार कार्ड काढायला ती जवळच्या अड्याळला गेली तेव्हा कॅमेऱ्यामागच्या माणसाने तिला पदर मागे घ्यायला लावला, हसू नका म्हटलं, हलू नका म्हटलं, आणि ती घाबरली. डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. कार्ड घरी आलं तेव्हा तिने ते एकदा पाहिलं आणि उलटं करून पेटीत टाकलं.

"चोरी करताना पकडल्यासारखी दिसतो मी याच्यात," म्हणाली.

आमच्या भागातल्या बाया असंच बोलतात. शिकायला बाहेर पडल्यावर मी 'दिसते' म्हणायला लागले. बाई शेवटपर्यंत 'दिसतो'च म्हणायची.

बाई बिड्या वळायची. गावात घरोघरी बाया तेच करत. दुपारी अंगणात सुपडं मांडीवर घेऊन बसायचं. सुपड्यात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कातरीने कापलेली तेंदूची पानं. मी सात-आठ वर्षांची झाले तेव्हा माझ्याही मांडीवर सुपडं आलं. बाईने सातवीनंतर शाळा सोडली होती. मला मात्र तिने सुपड्यावरून उठवलं. आई रागावली तर म्हणायची, "तिच्या वाटच्या मी वळतो ना. तिच्या वहीले तंबाखूचा वास येते, मास्तर नाक दाबते." हे खरं नव्हतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्यांना तो वास यायचा आणि मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. पण आईला शाळेचा धाक होता, म्हणून ते खपलं.

अशी मी शिकले. तालुक्याची शाळा, मग भंडाऱ्याचं वसतिगृह, मग नागपुरात चित्रकलेची पदवी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आता भंडाऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. वाटेत पुष्कळांनी हात दिला. वसतिगृहाच्या अधीक्षिकेने आपली जुनी छत्री दिली होती, एका सरांनी रंगांच्या अर्ध्या नळ्या. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण मोजायला बसले की आधी माझ्या वाटच्या त्या बिड्या आठवतात, आणि त्या कुणी मोजून ठेवलेल्या नाहीत.

बाईचं लग्न अड्याळजवळच्या एका गावात झालं. भाऊजींची धानाची थोडी शेती. मूल झालं नाही. दोघांचं घर दोघांचंच राहिलं. सासरीही तिने बिड्या वळणं सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास तिचा खोकला थांबेना. चार पावलं चालली की दम लागायचा. भाऊजी तिला घेऊन माझ्याकडे भंडाऱ्याला आले, आणि आम्ही तिघं नागपूरला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली. फुप्फुसं आखडत चालली आहेत, म्हणाले, झालेलं नुकसान भरून येत नाही; उन्हाळा निघाला तर बरं. बाई बाहेर बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसली होती. भाऊजी आणि मी दारातच ठरवलं, तिला सांगायचं नाही. कमजोरी आहे, औषध बरेच दिवस घ्यावं लागेल, एवढंच सांगायचं. तपासण्यांसाठी दवाखाना जवळ बरा, म्हणून ती माझ्या दोन खोल्यांत राहायला आली. भाऊजींचं धान कापणीला आलं होतं. ते गावी गेले आणि दर रविवारी एसटीने यायला लागले.

ती आल्यावर आठवड्याभरातच मी चूक केली.

दुपारची वेळ होती. ती दाराशी बसून लाखोरीची पालेभाजी निवडत होती. उजेड बाजूने तिच्या तोंडावर पडला होता आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत मी शेकडो चेहरे काढले, हिचा एकदाही नाही. तिचंही मन रमेल. मी सहज म्हटलं, "बाई, तुझं चित्र काढू का? नुसत्या चेहऱ्याचं. मोठं."

तिचे हात थांबले. मग एक काडी मोडून तिने बाजूला टाकली.

"किती दिवस म्हनलं डॉक्टरनं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. आमच्या गावात माणसाचा मोठा चेहरा एकाच कारणासाठी होतो. माणूस गेला की त्याचा कुठलातरी फोटो शोधायचा, स्टुडिओत नेऊन मोठा करायचा, काचेत घालून भिंतीवर लावायचा, माळ घालायची. जिवंत माणसाचं तोंड ताटाएवढं मोठं कुणी करत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच गावात मी वाढले. पण नागपूरच्या चार-पाच वर्षांत ते कुठेतरी मागे पडलं होतं. जे आम्ही दोघांनी दाबून ठेवलं होतं, ते मी एका प्रश्नात तिला सांगून टाकलं.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, नागपूरला आम्ही एकमेकांची चित्रं काढायचो, शिपायाचं काढायचो, चहावाल्याचं काढायचो, सगळे धडधाकट आहेत. ती ऐकत राहिली.

"ते नागपूर," म्हणाली.

मी रडायला लागले. तिने भाजीची परडी माझ्यापासून दूर सरकवली. "याच्यात रडू नको वं. आधीच खारट करतं तू भाजी."

थोड्या वेळाने तिने आपणहून विषय काढला. दम लागायचा म्हणून ती आता थांबून थांबून बोलायची.

"काढ मग. काढाचंच हाये तर तूच काढ. तो आधारवाला लावू नका."

"बाई, असं काय बोलतेस?"

"ऐक ना. मी तर जाईन. तुझे भाऊजी एकटे राहतीन त्या घरात. सकाळी उठन तर ते तोंड, जेवाले बसन तर ते तोंड. चोरट्यासारखं." ती थांबली, श्वास घेतला. "त्या मानसाले वाटन, मी हिले नांदवली का धाकात ठेवली होती."

मी तिला शब्द दिला. भिंतीवर मी काढलेलंच चित्र लागेल.

पहिल्या चित्राच्या दिवशी तिने लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली, डोक्याला तेल लावलं, भांग काढला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर. श्वाससुद्धा रोखून धरला, आणि मग खोकल्याची उबळ आली. मी पेन्सिलीने एकेक रेघ आखली. नाक, ओठ, कपाळावरची आठी. मग त्यात रंग भरले, कुठेही रेघेबाहेर न जाता. चेहरा बरोबर आला होता. दोन्ही डोळे जागच्या जागी होते. बाईने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"हे तर आधारवालीच झाली," म्हणाली. "तिलेच हळद लावली तू."

मला जलरंग शिकवणारे सर असंच म्हणायचे, वेगळ्या शब्दांत. "तुझं चित्र पाहिलं की वाटतं, आता पेपर तपासायला देणार आहेस." ते स्वतः चेहरा काढत तेव्हा आधी कागदच ओला करून टाकत. मग त्यावर रंग सोडत, आणि रंग पाण्याबरोबर जाईल तिथे जाऊ देत. गालाचा रंग केसांत शिरायचा, केसांचा मागच्या भिंतीत. दूर उभं राहून पाहिलं की तो माणूस तिथे बसलेला असायचा. सर म्हणत, हात सैल सोड. मी सोडू शकले नाही. वर्गातल्या काही मुलींच्या घरी आईवडील चित्रकार होते, त्यांचे कागद बिघडले की त्या हसून नवा कागद घेत. माझा कागद बिघडला की मी तोच धुऊन पुन्हा वापरता येतो का पाहायची. घरातून पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पोरीला सगळे सांगतात, चुकू नको. ते माझ्या मनगटात बसलं होतं. त्या सुबक हातानेच मला पहिले नंबर मिळाले, नोकरी मिळाली. मोकळं चित्र मात्र मला कधी आलं नाही.

तरी मी ठरवलं, बाईचं चित्र तसंच काढायचं. नाहीतर ती आधारवालीच होत राहणार.

दुसऱ्या दिवशी मी कागद ओला केला आणि थेट रंग सोडले. ते धावत सुटले. नाकाचा तपकिरी रंग हनुवटीपर्यंत गेला. मी घाबरून टिपायला लागले, टिपलेल्या जागी पुन्हा रंग लावला, तो आधीच्यात मिसळला. अर्ध्या तासात कागदावर राखाडी-तपकिरी राड उरली.

बाई खुर्चीवरून उतरून पाहायला आली. "रोवण्याच्या बांधीतल्या चिखलासारखं केलं वं तू तोंड माझं. आता धान लाव त्याच्यात."

असे सात-आठ कागद गेले. कधी मी लवकर रंग सोडायची आणि ते पसरून जायचे. कधी थांबायची, तेव्हा कागद वाळलेला असायचा आणि रंगाच्या कडा कापल्यासारख्या उमटायच्या. रविवारी भाऊजी आले तेव्हा मी त्यातले दोन बरे कागद दोरीवर चिमट्याने लावले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मान वाकडी करून पाहिलं.

"मास्तरीन, हे कोन?" मी शिक्षिका झाल्यापासून ते मला मास्तरीन म्हणतात.

"मीच आहो," बाई म्हणाली.

"मले वाटलं कोनी इलेक्शनले उभा राहिला."

बाई हसली, हसताना खोकली, आणि भाऊजी तिची पाठ चोळत राहिले. ती रविवारची दुपार चांगली गेली. चित्र कशासाठी चाललं आहे हे भाऊजींना तेव्हा माहीत नव्हतं. ते त्याला करमणूक समजत होते.

बाईला रिकामं बसणं येत नव्हतं. इथे सुपडं नव्हतं, पानं नव्हती. डॉक्टरांनी तंबाखूजवळ जायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. तिची बोटं बसल्याबसल्या पदराचा काठ गुंडाळायची आणि सोडायची. मी तिला सोपं काम दिलं. बोर्डावर चिकटवलेला कागद चपट्या ब्रशने ओला करून द्यायचा. मी बाजूला रंग कालवत असायची.

एका दुपारी तिने कागद ओला केला, मी ब्रश उचलला, आणि ती म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

"अजून नाई." तिने बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच लावली. तळवा नाही, बोटांची मागची बाजू, नखांच्या वरची. "पानी वरच हाये. आत गेलं नाई."

मी थांबले. तिने पुन्हा बोटं लावली. मग तिसऱ्यांदा. तिचं लक्ष दारातून रस्त्याकडे होतं, बोटं मात्र कागदावर.

"आता टाक."

मी रंगाचा एक थेंब सोडला. तो उमलल्यासारखा पसरला, रुपयाएवढा झाला, आणि थांबला. कडा मऊ होती, जशी सरांच्या कागदावर असायची.

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तेंदूचं पान आधी भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावं लागतं. कोरडं राहिलं तर वळताना फाटतं, जास्त ओलं राहिलं तर बिडी पेटत नाही, बिडी कंपनीचा तपासणारा ती बाजूला काढून टाकतो. पान नेमकं कधी वळायला घ्यायचं हे कुणी सांगून कळत नाही. बाई चाळीसएक वर्षं दिवसभर तेच करत आली होती. आणि मी पदवीपर्यंत शिकून कागदाची चकाकी पाहत बसायची. वरून दिसतं त्यावर अंदाज बांधायची, आणि चुकायची.

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तू शिकलेली. मले वाटलं, तुमचा कागद वेगळा असन."

त्यानंतर अडीच-तीन महिने आम्ही रोज बसलो. तिचा चेहरा मी काढतच नव्हते. नुसते ठिपके, नुसते पट्टे, कधी एखादं वांगं, कधी तिची पाण्याची लोटी. ती ओल सांगायची, मी रंग सोडायची. ती चुकली असं मला आठवत नाही. मी चुकले की टोमणा मिळायचा. "आता म्हनलं तं आता. तू तं पंचांग पाहतं." माझं मनगट हळूहळू सैल होत गेलं. त्यात माझं कौतुक काही नाही. कुणीतरी शेजारी बसून 'आता' म्हणत होतं, म्हणून भीती वाटत नव्हती.

त्या महिन्यांत ती दिवसेंदिवस वाळत गेली. आधी एका दमात तीन वाक्यं बोलायची, मग दोन. खुर्चीवर बसणं होईना, तेव्हा आम्ही दोघी दाराशी चटईवर बसू लागलो, तिच्या पाठीला उशी.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. ऊन चढायला लागलं होतं. बोर्ड माझ्या गुडघ्यावर होता आणि ती कागदाची ओल पाहायला माझ्याकडे वाकली होती. पदर खांद्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले, पापण्या खाली, सगळं लक्ष बोटांत. मी तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता काढायला घेतलं. ती समोर नव्हती. बाजूला होती, इतकी जवळ की तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

आधी चेहराभर पिवळसर मातीचा फिकट रंग. कपाळाची उजेडाची जागा मी कोरी सोडली.

"अजून नाई," ती म्हणाली. आपलंच चित्र आहे हे तिला कळलं होतं, पण तिने मान वर केली नाही. "हं. आता."

तपकिरीत थोडा लाल घालून मी गालाखाली सोडला, नाकाच्या बाजूला सोडला. तो वर चढून केसांत शिरला. केसांचा निळसर काळा रंग मागे भिंतीत गेला आणि मी तो जाऊ दिला. डावा कान राहिलाच नाही. डोळ्यांच्या जागी फक्त खाली मिटल्यासारखी एक गडद रेघ. हनुवटीवरून एक थेंब सुटला आणि गळ्यावरून खाली निघाला. माझा हात फडक्याकडे गेला.

तिने माझं मनगट धरलं. "काहून पुसतं? जाऊ दे त्याले."

थेंब कागदाच्या कडेपर्यंत गेला. वीस मिनिटांत चित्र झालं. मी ब्रश खाली ठेवला.

कागद वाळेपर्यंत तिने पाहिलं नाही. वाळल्यावर मी तो दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला. ती उशीला टेकून पाहत राहिली. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल.

"नाक मोठं झालं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "राहू दे. नाक मोठंच हाये माझं." मग डोळे मिटून घेतले. "हाच लावजो."

त्या रविवारी तिने भाऊजींना सगळं सांगितलं. डॉक्टरांचं तिला कळलेलं आहे, हेही. मी आत चहा करत होते. भाऊजींचा आवाज मला एकदाच ऐकू आला. "हाव," म्हणाले. "हाच लावीन."

पंधरा दिवसांनी तिने गावी न्यायला सांगितलं. गावी आठवडाभर होती. एका सकाळी भाऊजींनी तिला उठवायला हात लावला आणि मग मला फोन केला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याच्या, आदल्या दिवशी मी चित्र काचेत बसवून, जुन्या चादरीत गुंडाळून एसटीने घेऊन गेले. घरासमोर मंडप घालून झाला होता. पुढच्या खोलीत शिरले आणि भिंतीवर मला आधारवाली दिसली. भाऊजींच्या भावाने पेटीतून कार्ड काढून अड्याळला नेलं होतं. कार्यक्रमाच्या फलकासाठी फोटो लागणार होता, त्यासोबत भिंतीसाठीही मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने मागे निळं आभाळ घातलं होतं आणि मानेखाली दुसऱ्याच कुणाचे तरी खांदे जोडले होते, मोरपंखी साडीतले. वर तेच डोळे, तेच ओठ.

मी भाऊजींना बाजूला बोलावून चादर सोडली. त्यांनी चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि उंबऱ्यापाशी उजेडात नेलं. फार वेळ पाहिलं. मला वाटलं, विचारतील, कान कुठे गेला, ओळखणार कोण. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"हे तर काम करून राहिली," ते म्हणाले.

मी चादरीची घडी घालायला लागले.

"हिले माळ कशी घालू, मास्तरीन?"

"भाऊजी, तिनं मला सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं होतं."

"हाव. म्या हाव म्हनलं होतं. तवा ते होती ना." त्यांनी काचेवरची धूळ बाहीने पुसली. तिथे धूळ नव्हती. "भिंतीवरचं मानूस तिकून पाहते आपल्याकडं. आपन माळ घालतो, हात जोडतो, कामाले लागतो. हे पाहतच नाई. हिच्याकडं पाहिलं का मले वाटते, आता मान वर करन, बोलन काही. दिवसातून किती डाव वाट पाहू मी?"

चित्र बिघडलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं.

मी हट्ट धरला नाही. दुसऱ्या दिवशी विहारातली माणसं आली, वंदना झाली, गावातल्या बाया रांगेने येऊन मोरपंखी खांद्यांवर फुलं ठेवून गेल्या. बाई वरून सगळ्यांकडे पाहत होती, पुन्हा एकदा पकडली गेल्यासारखी. मी त्या फोटोखालीच बसले होते आणि मला मान वर करवली नाही. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. पूर्ण करणं माझ्या हातात होतं, आणि मी गप्प बसले. भाऊजींवर दया केली की बाईशी बेइमानी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

चित्र भाऊजींनी परत नेऊ दिलं नाही. आतल्या खोलीत धानाची कणगी आहे, तिच्यावर भिंतीला टेकवून ठेवलं आहे, वर बाईच्या एका लुगड्याचा तुकडा झाकून. मी महिना-दोन महिन्यांनी जाते. आधी पुढच्या खोलीत हात जोडते. भाऊजी चहा ठेवतात, शाळेत जाणाऱ्या पोरीला विचारावं तसं शाळेचं विचारतात. मग आतल्या खोलीचं दार ढकलून देतात, "पाहून घ्या," म्हणतात, आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहतात.

मागच्या खेपेला मी बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, "भाऊजी, तुम्ही कधी पाहता का?"

ते कुंपणाशी काहीतरी बांधत होते. त्यांनी गाठ पूर्ण केली.

"कापड नीट टाकलं ना?"

मी हो म्हटलं. मग आठवेना, म्हणून परत आत गेले. कापड एका बाजूने वर राहिलं होतं. मी ते खाली ओढून सारखं केलं आणि दार लावून घेतलं.